कागदावर काही नको

१२ जुलै २०२३

विमा एजंट भगवान आज पॉलिसीचे कागद आणि ही डायरी देऊन गेला. जुलै महिन्यात डायरी देतो म्हणजे उरलेलीच असणार. प्रत्येक पानाच्या तळाशी त्याचं नाव, फोन नंबर आणि ‘आपल्या निश्चिंतीसाठी’ असं छापलंय. अर्धं वर्ष वाया गेलेलं असलं तरी मी तारखा खोडून वापरणार आहे. रंगांच्या कंपनीत आयुष्यभर क्वालिटी कंट्रोल केलं, त्यामुळे चांगला कागद कोरा टाकवत नाही.

कंपनी सुटली तेव्हा कंपनीचा विमाही सुटला. तेव्हापासून आम्ही दोघं ओवा, सुंठ आणि देवाची कृपा यांवर दिवस काढतोय. आमच्या अवधूतला ते पटत नव्हतं. तो पुण्याला असतो, एकुलता एक. त्याने हट्टाने आम्हा दोघांची पॉलिसी काढली आणि हप्ताही तोच भरणार. पोरगं गुणाचं आहे.

भगवानने सगळं समजावून सांगितलं. बारीक अक्षर मला दिसत नाही, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. भगवान म्हणाला, “वाचायचं काय त्यात साहेब, मी आहे ना.” काही आजारांना दोन वर्षं थांबावं लागतं, ते त्याने बोटांवर मोजून दाखवले. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मूतखडा, आणि बायकांचे पिशवीचे आजार. आठ जुलैपासून दोन वर्षं. मालिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती पिशवीचं नाव निघताच आत गेली. साठी उलटली तरी बाई अजून लाजते.

म्हणजे माझा डोळाही आता दोन वर्षं थांबणार. डाव्याने बघू तोवर.

२३ फेब्रुवारी २०२४

परवा जेवणानंतर छातीत कळ आली. एरवी ओवा चावून आडवा झालो असतो, पण खिशात कार्ड असलं की माणसाची कळही भारदस्त होते. रिक्षा करून थेट उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “कॅशलेस है ना साईं? फिर टेन्शन किस बात का! दो दिन रख लेते हैं, सब चेक हो जाएगा.”

ठेवून घेतलं. रक्त झालं, लघवी झाली, हृदय झालं, पोटाची सोनोग्राफीसुद्धा झाली. एसी खोली, टीव्ही, वेळेवर मऊ खिचडी. अवधूत पुण्याहून धावत आला आणि सबंध दुपार माझ्या कॉटजवळ बसून राहिला. त्याच्या लग्नानंतर आम्ही दोघं एवढं कधी बोललो नव्हतो. खरं सांगायचं तर मला घरी यायची घाई नव्हती.

निदान गॅसचं निघालं. बिल बघून पुन्हा कळ आली असती, पण ते मला कुठे भरायचं होतं? मालिनी म्हणाली, “सोडालिंबू दिलं असतं मी.” मी म्हटलं, “फुकटचं ते पौष्टिक.” मग ती म्हणाली, “मीही एकदा सगळं तपासून घेऊ का?” मी म्हटलं, “तुला काय धाड भरलीय? उगाच तपासलं की उगाच काहीतरी निघतं.” हसली.

२ जून २०२४

खालच्या मजल्यावरच्या शिवरामभाऊंवर मोठा घाला आला. मार्चमध्ये त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि आता विमा कंपनीने पैसे द्यायला चक्क नकार दिला. कारण काय, तर पाच वर्षांपूर्वी भाऊ साध्या खोकल्यासाठी गेले होते आणि त्या डॉक्टरने कागदावर ‘बीपी, जुना’ असं लिहून ठेवलं होतं. पॉलिसी घेताना भाऊंनी बीपी सांगितला नव्हता. ठेवी मोडल्या, वहिनींच्या पाटल्या गेल्या. भाऊ जिन्यात भेटले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “चिंतामणराव, मला त्या खोकल्याने मारलं.”

दुधाने त्यांचं तोंड पोळलं, ताक आम्ही फुंकून पिणार. आजपासून घरात नियम. दोन वर्षं पुरी होईपर्यंत डॉक्टरचा एकही कागद या घरात येता कामा नये. गेलंच तर तोंडी विचारायचं, रोख द्यायचे, लिहू द्यायचं नाही. एकदा कागदावर आलं की ते जन्मभर मागे लागलं. मालिनीकडून पाढ्यासारखं वदवून घेतलं. पोळी लाटता लाटता तीही म्हणाली, “कागदावर काही नको.”

३ ऑक्टोबर २०२४

आज घट बसले आणि ते मी बसवले! सकाळी मालिनी म्हणाली, “अहो, यंदा तुम्ही बसा पूजेला. माझे गुडघे धरलेत.” लग्न होऊन आल्यापासून देवघर तिच्या ताब्यात. मला तिथली निरांजनाची वातसुद्धा पुढे करायला मिळत नसे. आणि आज एकदम सत्तांतर. गुडघे धरलेत म्हणावं तर पहाटे मोरीत बसून स्वतःच कपडे घासत होती. बायकांच्या गुडघ्यांचं तर्कशास्त्र मला कधी कळलेलं नाही.

पूजा मला येते. लहानपणी चिपळूणला आई महिन्याचे चार दिवस पडवीत बाजूला बसायची, तेव्हा पूजा बाबा करायचे आणि हाताखाली मी असायचो. तेच मंत्र अजून पाठ आहेत. मालिनी उंबऱ्याबाहेर उभी राहून सूचना देत होती. माती नीट पसरा, धान्य दाट पेरा, नारळाची शेंडी वर. मी म्हटलं, “आत येऊन सांग की.” म्हणाली, “राहू दे, इथून दिसतंय मला.”

नैवेद्य मात्र शेजारच्या वहिनींकडून आला. गुडघ्यांमुळे नैवेद्याचा स्वयंपाकही नाही.

२१ नोव्हेंबर २०२४

आता महिन्यातले आठ-दहा दिवस पूजा माझ्याकडे असते. शिवाय लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही हे बाईंचं नवं खूळ. “तुम्हीच काढा. माझा हात थरथरतो, बरणी फुटेल.” त्याच हाताने पिठाचा डबा उचलते, तो बरा थरथरत नाही. झोपायलाही खाली चटईवर, पाठीला बरं वाटतं म्हणून. मी चिडवलं, “पलंग सोडलास, देव सोडलेस. आता भगवी पातळं आणू का?” एरवी माझं एकही वाक्य पडू देत नाही, आज चटई झटकत बसली.

एक मात्र आहे. नवऱ्याने पूजा करायची म्हणजे त्यात शिस्त येते. समया अशा लखलखतात की भगवान पॉलिसीच्या कामाला आला होता तोही म्हणाला, “साहेब, काय देवघर ठेवलंय!”

१६ डिसेंबर २०२४

आमची गोजरबाई, धुणंभांडी करते, बदलापूरच्या पुढच्या गावाहून येते. आज मालिनी खाली भाजी घ्यायला गेलेली बघून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“काका, बाई त्यांचे कपरे मना धुवाला देत नाय. काळोखात उठून आपुनच धुतान. तुमी त्यांना डाक्टरला दावा.”

“धुणं कमी झालं तर तुझाच फायदा की गं.”

“तुमाला कसा सांगू काका. बायकांचा हाय.”

मी तिला समजावलं की आम्ही दोघंही जुलैनंतर सगळं दाखवणार आहोत, पॉलिसीचा नियम आहे, आधी दाखवलं तर उलटतं. शिवरामभाऊंचं उदाहरणही दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कढई जरा जास्तच जोरात घासायला घेतली. तिला बहुधा सुट्टी हवी असावी. या बायका सरळ कधी मागत नाहीत.

२६ फेब्रुवारी २०२५

महाशिवरात्र. शिवमंदिर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दरवर्षी मालिनी पहाटेच रांगेत असते आणि मी अंथरुणात. यंदा उलटं झालं. “तुम्ही जाऊन या. माझा इथूनच नमस्कार सांगा.” संक्रांतीचं हळदीकुंकूही केलं नाही तिने. बायका विचारत होत्या.

पूजा आता कायमची माझ्याकडे आली आहे. आणि मला ती आवडू लागलीय, हे कबूल करतो. सकाळचा तासभर बरा जातो. तिच्या आईने लग्नात दिलेली पितळेची अन्नपूर्णा आहे, तांदळाच्या वाटीत बसवलेली. तिला तर मी आरशासारखी ठेवलीय. मालिनीने आज उंबऱ्यातून विचारलं, “अन्नपूर्णेचं सगळं नीट करता ना?” मी म्हटलं, “तपासून, शिक्का मारून. तू निश्चिंत राहा.”

जिना चढताना तिला दम लागतो. मलाही लागतो. वयं झाली.

१७ एप्रिल २०२५

आज घाबरलो. मालिनी ओट्याशी उभी असताना खाली बसली ती उठेचना. चेहरा पांढराफटक. पाणी शिंपडलं, कांदा फोडून नाकाशी धरला. मग रिक्षाने समीरकडे नेलं. समीर म्हणजे अवधूतच्या वर्गातला, आता चांगला डॉक्टर आहे, कोपऱ्यावरच दवाखाना. दारातच त्याला सांगितलं, “हे बघ, कागद करू नकोस. तोंडी काय ते सांग.”

त्याने डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. म्हणाला, “काकू, अंगात रक्तच नाही तुमच्या. आणखी काही त्रास? कुठून रक्त जातंय का?”

मालिनीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “नाही.”

“काका, रक्त तपासा, सोनोग्राफी करा. या आठवड्यात करा. मी लिहून देतो.”

“लिहू नकोस रे बाबा. तीन महिने तर राहिलेत.”

“काका, पॉलिसीसाठी माणूस असतो का माणसासाठी पॉलिसी?”

आजकालच्या मुलांना वाक्यं छान सुचतात. त्यांचे बाप ठेवी मोडत नाहीत ना. त्याने लोहाचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. मी रोख दिले. परत येताना मालिनी रिक्षात म्हणाली, “तीन महिने काय, असे निघून जातील.” शहाणी बाई आहे. माझं तत्त्व तिला पुरतं पटलंय.

घरी आल्यावर तिला बीट आणि खजूर आणून दिले. अवधूतला फोन केला नाही. उगाच घाबरेल आणि कुठेतरी ॲडमिट करायला लावील.

५ जून २०२५

काल सूनबाई, ऋता, व्हिडिओवर होती. “आई, तुम्ही किती बारीक झालात!” मालिनी म्हणाली, “अगं, यांनी फोन लांब धरलाय.” मग माझ्या हातून फोन घेऊन पोळ्या करायच्या आहेत म्हणून बंदच केला.

रात्री मला विचारते, “दोन वर्षं नक्की कधी होतात? आठला का नऊला?” ही तिसरी वेळ. माझ्या मोतीबिंदूची एवढी काळजी! मला भरूनच आलं. मी म्हटलं, “आठला. नवव्या तारखेला आपण मोकळे.” ती म्हणाली, “म्हणजे अजून महिना,” आणि कॅलेंडरकडे बघत बसली.

मलाही घाई झालीय. हल्ली तिचा चेहरा मला धूसर दिसतो.

८ जुलै २०२५

सुटलो! पेढे आणले. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख उद्याच घेणार. एक पेढा देवापुढे ठेवला, एक मालिनीला दिला. तिने तो हातात धरून ठेवला आणि म्हणाली, “अहो, आधी मला दाखवायचंय. बाई डॉक्टरला.” मी म्हटलं, “कशासाठी?” म्हणाली, “आहे थोडं. तिथे सांगेन.”

१० जुलै २०२५

उल्हासनगरला, माझ्या गॅसच्याच हॉस्पिटलात. आत पडद्यापलीकडे मालिनी आणि बाई डॉक्टर, अलीकडे खुर्चीवर मी. सगळं ऐकू येत होतं.

“पाळी जाऊन किती वर्षं झाली?”

“बारा-तेरा झाली असतील.”

“आणि अंगावरून कधीपासून जातंय?”

“परवापासून.”

मी हे पहिल्यांदा ऐकलं. या वयात असं होतं हेच मला माहीत नव्हतं. पण परवापासून म्हणजे आठ तारीख. देवाने कशी तारीख सांभाळली! आठ दिवस आधी सुरू झालं असतं तर पंचाईत होती. डॉक्टरने बराच वेळ तपासलं. बाहेर आली तेव्हा माझ्याशी फार बोलली नाही. आतला तुकडा काढून तपासायला पाठवलाय, सोनोग्राफी आणि स्कॅन सांगितलाय. सगळं कॅशलेस. मालिनी रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. भर रस्त्यात असं ती आयुष्यात कधी वागलेली नाही.

१९ जुलै २०२५

डॉक्टरने आम्हा दोघांना समोर बसवलं. गर्भाशयाचा कॅन्सर आहे. पिशवीच्या बाहेर पसरलाय, पोटातल्या गाठींपर्यंत.

मग म्हणाली, “काका, हे परवाचं नाही. खरं कळलं तर मला पुढचं ठरवता येईल. काकू, कधीपासून?”

मालिनीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “आता सांगू का हो?”

माझ्या परवानगीसाठी थांबली होती ती. मी मान हलवली असावी.

“गेल्या नवरात्रापासून. घटाच्या आदल्या रात्री पहिल्यांदा.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. “आणि इतके महिने अंगावर काढलंत? का?”

“यांची पॉलिसी पुरी व्हायची होती,” मालिनी म्हणाली. जसं काही मुलाची परीक्षा होती.

२० जुलै २०२५

घट. लोणच्याची बरणी. चटई. पहाटेचं धुणं. शिवरात्रीचा नमस्कार. ती बाजूला बसली होती. वर्ष होत आलं, माझ्या घरात माझी बायको माझ्या आईसारखी बाजूला बसली होती आणि मी इकडे समया घासत होतो. याच डायरीत मी आईचं लिहून ठेवलंय, त्याच दिवशी, त्याच पानावर. मागे जाऊन वाचलं. मूर्खासारखं वाचलं.

गोजरबाईला सगळं कळत होतं. समीरला अर्धं कळलं होतं. कारखान्यातला रंग एका छटेने उतरला तर मी पिंप परत पाठवायचो.

२४ जुलै २०२५

भगवानला क्लेमसाठी फोन केला होता, त्याचा आज परत आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. “साहेब, काही काळजी करू नका. मी वरपर्यंत विचारून घेतलं. कॅन्सरला दोन वर्षांची अट नसतेच! ती साध्या पिशवीच्या ऑपरेशनला. कॅन्सर तर तुम्हाला पहिल्या महिन्यानंतरच लागू होता. म्हणजे आपल्या क्लेमला कुठूनही अडचण येणार नाही. एकदम क्लीन केस.”

मी विचारलं, “म्हणजे गेल्या ऑक्टोबरात गेलो असतो तरी?”

“अहो, त्याच्या आधीच्या ऑक्टोबरातही पास झाला असता, साहेब.”

मी त्याला धन्यवाद दिले. खरंच दिले, तोंडातून गेले. त्याला वाटलं मला आनंद झाला. मग त्याने विचारलं, मोतीबिंदूचं कधी करायचं?

पॉलिसीचे कागद दोन वर्षं माझ्याच कपाटात होते. डाव्या डोळ्याने, भिंग लावून, एका सकाळीत वाचून झाले असते.

२७ जुलै २०२५

अवधूत आलाय. आईसमोर हसतो, चेष्टा करतो, तिला आंबट-गोड वरण भरवतो. संध्याकाळी मला गच्चीवर घेऊन गेला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“बाबा, मी पॉलिसी कशाला काढली होती? तुम्ही दोघांनी न घाबरता डॉक्टरकडे जावं म्हणून. पॉलिसी नव्हती तेव्हा आई निदान समीरच्या वडिलांच्या दवाखान्यात जायची तरी. अंगात कसकस आली तरी जायची.”

हे खरं आहे. जायची.

“तुला सांगितलं असतं तर?” मी विचारलं.

“तर त्याच दिवशी आलो असतो. पैशाचं काय घेऊन बसलात बाबा.”

भगवानचा फोन मी त्याला सांगितला. तो कठड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, “हे आईला कळता कामा नये.” मी म्हटलं, नाही कळणार. आम्हा बापलेकांत एवढी एक गोष्ट ठरली. त्यानंतर दोघंही कारखान्यांच्या दिव्यांकडे बघत उभे राहिलो. खाली मालिनी अवधूतला हाका मारत होती, चहा गार होतोय म्हणून. केला होता ऋताने, पण हाक हिची.

२२ ऑगस्ट २०२५

रोज गाडीने मुंबईला, रेडिएशनचा शेक घेण्यासाठी. ऑपरेशन होणार नाही म्हणाले, उशीर झाला. शेक आणि मग सलाइनमधून औषध, सोसलं तर. मंजुरीचे मेसेज मात्र वेळेवर येतात. अमुक मंजूर, तमुक मंजूर. माझ्या गॅसच्या वेळी या मेसेजची मी वाट बघत असे आणि आल्यावर तिला मोठ्याने वाचून दाखवत असे. आता फोन पालथा ठेवतो.

मला काही करता येत नाही. औषधाच्या वेळा ऋता बघते, डॉक्टरांशी अवधूत बोलतो, तिचं अंग गोजरबाई पुसते आणि मला बाहेर जायला सांगते. मी दाराबाहेर उभा असतो. परवा गोजरबाई म्हणाली, “काका, बसा वाईच, पाय दुखतान तुमचे.” कधीतरी तिने मला चार शिव्या द्याव्यात असं वाटतं.

डोळ्याची तारीख रद्द केली.

२० सप्टेंबर २०२५

परवा घट बसायचेत, म्हणून आज देव उजळायला काढले. ताम्हनात देव, चिंच-मीठ, पाण्याचं भांडं, सगळं उचलून हॉलमध्ये मालिनीच्या कॉटशेजारी आणलं. सलाइनचं औषध तिला सोसलं नाही, दोन वेळांनंतर त्यांनीच थांबवलं. घरी ठेवा म्हणाले. काय आवडेल ते द्या म्हणाले.

ती कुशीवर वळून बघत होती. “बाळकृष्णाच्या गुडघ्याखाली चिंच राहते, तिथे बोट घाला.” मी घातलं. मग अन्नपूर्णा उचलली आणि तिच्यापुढे धरली. “ही तू कर.”

तिने हात एकदम मागे घेतला. “अहो, भलतंच काय! मला अजून... थांबलेलं नाही पूर्ण.”

“असू दे.”

“तुमच्या आईंना चाललं असतं का?”

“आई नाही इथे. तू आहेस. धर.”

मी तिचा हात ओढून घेतला आणि अन्नपूर्णा तिच्या तळव्यावर ठेवली. हातात काहीच उरलेलं नाही तिच्या, हाडं तेवढी आहेत. जरा वेळ तिने नुसतीच धरली. मग अंगठ्याला चिंच लावून तोंडावरून फिरवू लागली, कपाळ, नाक, गाल, एखाद्या पोरीचं तोंड धुवावं तसं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

पुसून झाल्यावर म्हणाली, “वाटी द्या.”

वाटी दिली. तिने बोटाने तांदूळ चाळवले आणि थांबली. मला दाखवले. तांदळात पोरकिडे झाले होते, खालचा थर पिवळा, जाळी धरलेला.

“तांदूळ बदलले नाहीत तुम्ही? दर शुक्रवारी बदलायचे असतात.”

मला माहीतच नव्हतं. इतके महिने मी अन्नपूर्णा आरशासारखी घासत होतो आणि पुन्हा त्याच किडक्या तांदळात बसवत होतो. डाव्या डोळ्याने दिसायला हवे होते. कुठल्याही डोळ्याने दिसायला हवे होते.

“विचारलं होतं मी तुम्हाला,” ती म्हणाली, पण रागाने नाही. मग माझा चेहरा बघून तिलाच माझी दया आली असावी. “जाऊ दे. पुरुषांना कुठून माहीत असणार? तुम्ही पूजा चालू ठेवलीत, हे काय कमी आहे?”

ती उशीला टेकली, अन्नपूर्णा पोटाशी धरून. बराच वेळ डोळे मिटून होती, मला वाटलं झोपली. मग तशीच म्हणाली, “एक बरं झालं. आपण थांबलो ते. नाहीतर पोराचं केवढं गेलं असतं हो. शिवरामभाऊंसारखं झालं असतं. आपलं सगळं नियमात बसलं, एक पैसा नाही गेला त्याचा.” आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. “हो ना?”

“हो,” मी म्हटलं.

“मी सोसलं त्याचं चीज झालं.”

“झालं.”

“मग जा, चांगले तांदूळ आणा मूठभर. आंबेमोहोर आणा, डब्यात वरच आहेत.”

मी स्वयंपाकघरात गेलो. डबे सगळे ओळीने मांडलेले, तिने स्वतः चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्यांसकट. बाहेरून ती विचारत होती, मिळाले का, मिळाले का. बराच वेळ मला तांदळाचा डबा सापडला नाही.